मिनिटाला तीनशे

चि. ओंकार यास,


स्टारक्राफ्टसारख्या रणनीतीच्या खेळात हाताचा वेग एपीएममध्ये मोजतात. एपीएम म्हणजे खेळाडूने एका मिनिटात दिलेल्या आज्ञा. कळ दाबली की एक, क्लिक केले की एक. या खेळात पाळी नसते, दोन्ही बाजू एकाच वेळी चालतात. कामगार खाणीवर लावणे, इमारती उभारणे, सैन्य काढणे, टेहळणी करणे आणि लढाई ऐन रंगात असताना मार खाल्लेली तुकडी मागे घेणे, ही सगळी कामे दोनच हातांच्या वाट्याला येतात.

१९९८ मध्ये पहिला स्टारक्राफ्ट आला आणि त्याच वर्षी ब्रूड वॉर हा त्याचा विस्तार. त्यात एका वेळी बाराच सैनिक निवडता येत, प्रत्येक बराक वेगळी उघडून हुकूम द्यावा लागे आणि नवा कामगार तयार झाला की त्याला हाताने खाणीकडे पिटाळावे लागे. दक्षिण कोरियात या खेळाचे सामने टीव्हीवर दिसू लागले तेव्हा तिथले व्यावसायिक खेळाडू मिनिटाला तीनशेच्या आसपास आज्ञा देत, काही जण चारशेपर्यंत पोहोचत. २०१० च्या स्टारक्राफ्ट टूने यातली बरीच हमाली काढून टाकली. तरी वरच्या पातळीवरचा एपीएम उतरला नाही. वाचलेल्या आज्ञा खेळाडूंनी एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी हल्ले चढवण्यात खर्चल्या.

तीनशे हा आकडा नवख्याला घाबरवतो, पण त्याची फोड केली की तो सेकंदाला पाच होतो, तोही दोन हातांत वाटलेला. कोणत्याही निरोगी माणसाची तर्जनी टेबलावर सेकंदाला पाच-सहा वेळा सहज आपटते. म्हणजे स्नायूंच्या हिशेबाने हा वेग बहुतेकांच्या हातात आधीच असतो. पुढची आज्ञा कोणती आणि तिची कळ कुठे, हे हाताला आधीच ठाऊक असणे मात्र दुर्मीळ. पर्याय जितके जास्त तितका निवडीला वेळ जास्त, हे विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगांनी दाखवले. नवख्याचा एपीएम साठ-सत्तरवर अडतो तो या निवडीपाशी. बोटे मोकळी असतात आणि डोके रांगेत उभे असते.

म्हणून वेग वाढवण्याचे पहिले काम खेळाबाहेरचे असते. बिल्ड ऑर्डर, म्हणजे सुरुवातीच्या काही मिनिटांत काय कोणत्या क्रमाने बांधायचे, ते पाठ असले की त्या मिनिटांत ठरवण्यासारखे काही उरत नाही. दुसरे काम हॉटकीचे, म्हणजे आज्ञांसाठी ठरवलेल्या कीबोर्डवरच्या कळांचे. माउसने बटण शोधून दाबायला जो वेळ लागतो त्यात कीबोर्डवरून तीन-चार आज्ञा होतात. सैन्याच्या तुकड्या आणि इमारतींचे गट आकड्यांच्या कळांवर बांधावेत, नकाशावरच्या ठरलेल्या जागा कॅमेऱ्याच्या कळांवर. कोणता गट कोणत्या आकड्यावर, हे एकदा ठरले की महिनोन्‌महिने बदलू नये. दर आठवड्याला कळांची नवी मांडणी करून पाहणारा खेळाडू दर आठवड्याला नवशिकाच राहतो.

तिसरे काम फेरीचे, आणि खरा वेग तिथेच घडतो. स्टारक्राफ्ट टूमध्ये टेरन या बाजूने खेळणाऱ्याची फेरी साधारण अशी असते: मुख्य तळावर कामगाराचा हुकूम, पुरवठा पुरेसा आहे का याकडे एक नजर, बराकींना सैनिकांचे हुकूम, मिनीमॅपकडे, म्हणजे पडद्यावरच्या छोट्या नकाशाकडे नजर, सैन्याकडे परत. कामगार तयार व्हायला १२ सेकंद लागतात, त्यामुळे ही फेरी थांबवता येत नाही. झर्ग या बाजूला राणीकडून अळ्या वाढवून घेण्याचे काम दर २९ सेकंदांनी येते. लढाई सुरू झाली की नवखा खेळाडू तिच्याकडेच पाहत बसतो, फेरी मोडते, आणि लढाई जिंकूनही तो सामना हरतो, कारण मागे बराकी रिकाम्या पडलेल्या असतात.

फेरी बसवायची ती तबल्याचा कायदा बसवतात तशी: आधी ठाय लयीत, बोल स्वच्छ, मग दुगुन. संगणकाच्या सोप्या प्रतिस्पर्ध्याशी, किंवा प्रतिस्पर्ध्याशिवायच, फक्त फेरी चालवण्याचा सराव रोज वीसेक मिनिटे करावा. चुकीची कळ लागली की लय थोडी खाली आणावी. घाईत केलेली चूकही सरावाने पक्की होते, आणि पक्की झालेली चूक काढणे नवी गोष्ट शिकण्याहून जड जाते. या सरावात एपीएमचा आकडा पडद्यावरून झाकून ठेवलेला बरा.

तो आकडा फसवाही असतो. सामन्याच्या पहिल्या मिनिटाला करण्यासारखे फारसे नसते, तरी खेळाडू कामगारांवर भराभर क्लिक करत राहतात. त्याला स्पॅम म्हणतात. हात गरम राहतो, लय लागते, असे त्याचे समर्थन केले जाते आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण एकाच जागी चालण्याचा हुकूम सहा वेळा दिल्याने सैनिक सहापट वेगाने चालत नाही. म्हणून वाया गेलेल्या आज्ञा वगळून उरणारा परिणामकारक एपीएम वेगळा मोजतात. रिप्ले, म्हणजे खेळून झालेल्या सामन्याची नोंद, पाहताना या दोन आकड्यांतली तफावत आधी पाहावी. ती मोठी असेल तर वेग वाढवण्याआधी फुकटचे क्लिक कमी करणे अधिक लाभाचे, आणि मनगटाच्या दृष्टीने तर निकडीचे.

कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट टूच्या ३,३०५ खेळाडूंच्या रिप्लेंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडू १६ ते ४४ वयाचे होते. पडद्यावर नवी जागा आल्यापासून पहिली आज्ञा देईपर्यंतचा वेळ वयाच्या २४ च्या सुमारास वाढू लागतो, असे त्यात दिसले. बातम्यांनी एवढेच उचलले आणि चोविशीतच म्हातारपण आल्याची हाकाटी केली. मात्र मोठ्या वयाचे खेळाडू खेळातल्या सोयी आणि आखूड वाटा अधिक वापरून ही तूट भरून काढतात, असाही संशोधकांचा कयास होता. जो वेग व्यवस्थेतून येतो तो वयाबरोबर इतक्या लवकर जात नाही.

आता दुखण्याकडे. मिनिटाला तीनशे म्हणजे तासाला अठरा हजार. सहा तास खेळले तर एक लाखाहून अधिक हालचाली, आणि कोरियातील संघांच्या सामूहिक घरांत सराव दिवसाला दहा-दहा तास चाले. ली यंग-हो, खेळातले नाव फ्लॅश, हा ब्रूड वॉरचा सर्वांत मोठा खेळाडू मानला जातो. २०११ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याच्या उजव्या हातावर शस्त्रक्रिया करावी लागली. तो परतला आणि पुढेही स्पर्धा जिंकला, पण त्या हाताने त्याला पुन्हापुन्हा थांबवले.

बोटांत स्वतःचे स्नायू नसतात. बोटे वाकवणारे आणि उचलणारे मुख्य स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात, आणि त्यांचा जोर लांब दोऱ्यांसारख्या कंडरांतून बोटांपर्यंत जातो. मनगटाच्या आतल्या बाजूला कार्पल टनेल नावाचा अरुंद बोगदा आहे. त्यातून नऊ कंडरा आणि मध्यक चेता हा मज्जातंतू एकत्र जातात. मनगट वर किंवा खाली वाकले की बोगद्यातला दाब वाढतो, बोटांनी जोर लावला की आणखी वाढतो, मनगट सरळ असले की तो सर्वांत कमी राहतो. आसनाविषयीचे बहुतेक सल्ले या एका वस्तुस्थितीतून निघतात.

दुखणी मात्र एका जातीची नसतात, आणि सरसकट सगळ्याला कार्पल टनेल म्हणण्याची सवय घातक आहे. अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येणे, रात्री बधिरपणाने जाग येणे, हे मध्यक चेतेचे लक्षण. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होत असेल तर अडचण बहुधा कोपराशी असते. कोपर टेबलाच्या कडेवर टेकून बसणाऱ्यांना ती होते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येते ती अंगठ्याच्या कंडरांची. मोबाइलवर खेळणाऱ्यांत ती विशेष आढळते. कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे, ज्याला टेनिस एल्बो म्हणतात, ते टेनिसची रॅकेट कधी न धरलेल्या माउसवाल्यांनाही होते, कारण तर्जनी क्लिकच्या तयारीत तासन्‌तास अधांतरी उचललेली असते. डेन्मार्कमध्ये संगणकावर काम करणाऱ्यांची मोठी पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कार्पल टनेलच्या लक्षणांशी कीबोर्डचा ठळक संबंध दिसला नाही. आठवड्याला २० तासांहून अधिक माउस धरणाऱ्यांत मात्र धोका वाढलेला दिसला. म्हणून महागडा कीबोर्ड घेण्याआधी माउसचा हात पाहावा.

माउस मुठीत आवळून धरलेला असतो, ही पहिली तक्रार. तो पडत नाही, पळत नाही. त्याला फक्त ढकलायचे असते. संवेदनशीलता फार कमी ठेवली तर हात सतत लांबवर ओढावा लागतो, फार जास्त ठेवली तर थरथर आवरण्यासाठी बोटे ताठ होतात. पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मनगट न मोडता जाता आले की ती बेताची समजावी. कीबोर्डकडची चूक जोराची असते. कळ उमटायला साधारण ४५ ते ६० ग्रॅमचा भार पुरतो, आणि अटीतटीच्या सामन्यात बोटे त्याच्या कितीतरी पट जोराने आदळतात. डाव्या करंगळीवर अन्याय होतो तो वेगळाच. ती कंट्रोलवर रोवून तर्जनी सात-आठच्या आकड्यापर्यंत ताणायची म्हणजे मनगट करंगळीकडे मोडणारच. स्टारक्राफ्ट टूमध्ये कळा बदलता येतात. नेहमीचे गट १ ते ५ मध्ये आणावेत, लांबच्या आज्ञा क्यू, डब्ल्यू, ई, आर या टापूत घ्याव्यात. वेगासाठी केलेली मांडणी आणि हातासाठी केलेली मांडणी शेवटी बहुतेक एकच निघते.

आपल्याकडे पुष्कळ मुले जेवणाच्या टेबलावर खेळतात. ते सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असते आणि बहुतेकांना उंचच पडते. मग खांदे कानांकडे चढतात आणि सनमायकाची धारदार कड मनगटात रुतते. खुर्चीवर उशी घेऊन पाय पाटावर टेकवले, कोपर काटकोनात किंवा किंचित उघडे राहिले आणि कडेवर दुमडलेला टॉवेल ठेवला, की बिनखर्चात निम्मे काम होते. पलंगावर पालथे पडून लॅपटॉपवर खेळण्याला मात्र कोणतीही दुरुस्ती नाही.

थंड हात मंद असतो, कारण चेतांमधून संदेश जाण्याचा वेग तापमानाबरोबर उतरतो. कोरियन खेळाडू सामन्याआधी गरम पिशव्या हातांत धरून बसतात ते त्यासाठी. घरी कोमट पाण्यात दोन मिनिटे हात बुडवले तरी पुरते, आणि एसीचा झोत हातावर येऊ देऊ नये. पहिला सामना पूर्ण ताकदीने खेळू नये. मुठी उघडणे-मिटणे, मनगट हळू फिरवणे एवढे आधी पुरते. ओढून ताणणे टाळावे, मुंग्या येत असतील तर नक्कीच टाळावे. दोन सामन्यांच्या मधली मिनिटे बहुतेक जण फोनवर घालवतात. ती हाताची विश्रांती नव्हे. तासाला पाच मिनिटे दोन्ही हात रिकामे, खांदे सैल, उठून चालणे. आणि सरावाचे तास एकदम दुप्पट न करणे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दोनाचे सहा तास करणाऱ्याचा हात बहुधा स्पर्धेच्या दिवशीच बोलतो. स्नायू काही आठवड्यांत सरावतात, कंडरांना महिने लागतात.

म्हणूनच कंडरेच्या जुन्या दुखण्यात नुसती विश्रांती अपुरी पडते. पट्टा बांधून महिनाभर बसले की दुखणे शमते, खेळ सुरू झाला की परत येते, कारण कंडरा त्या महिन्यात आणखी दुबळी झालेली असते. तिला बेताचा भार लागतो. हात टेबलावर टेकवून, तळवा खाली, अर्ध्या किलोचे वजन किंवा पाण्याची बाटली धरून मनगट वर न्यावे आणि फार हळू खाली आणावे. किती आणि कधी, हे फिजिओथेरपिस्टने ठरवलेले बरे. मुंग्या-बधिरपणाला हा व्यायाम लागू नाही. तिथे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा अधिक उपयोगी पडतो. वेदनाशामक गोळी घेऊन खेळणे सर्वांत वाईट, कारण थांबण्याची सूचना देणारी एकमेव गोष्ट त्यात गप्प होते.

बोटे रात्री बधिर होऊन जाग येते, हातातून कप निसटतो, शर्टाचे बटण लावताना अंगठा साथ देत नाही, किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा चपटा दिसू लागतो, यांपैकी काहीही असेल तर इंटरनेटवरचे व्यायाम बाजूला ठेवून हाडांच्या किंवा मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जावे. चेतेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी होते आणि नेमकी जागा कळते. दाब फार काळ राहिला तर चेतेची हानी पूर्ण भरून येत नाही.

खंडानंतर परत खेळताना पहिला आठवडा दिवसाला अर्धा तास, तोही लॅडरबाहेर, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांबाहेर. जिथे गुण पणाला लागलेले नाहीत तिथे हात आवळला जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हात आदल्या सकाळसारखाच असेल तर वेळ थोडा वाढवावा, जड वाटला तर आधीच्या मापावर यावे. एपीएम या काळात शंभरावर आलेला असतो. बिल्ड ऑर्डर आणि फेरी शाबूत असतील तर तेवढ्यातही पुष्कळ सामने निघतात.

कळावे,
तुझी आत्या