शाकुंतलातला शाप आणि इंदापूरचे पत्र

१/ गेल्या वर्षी मी एक एकांकिका लिहिली. विषय इंदापूरच्या लढाईत कामी आलेल्या मालोजीराजे भोसल्यांचा, म्हणजे शिवरायांच्या आजोबांचा. रणावर निघण्यापूर्वी राजे पत्नी उमाबाईंना पत्र लिहितात, असा तीत एक प्रवेश होता. ते पत्र सर्वस्वी माझ्या कल्पनेतले.

२/ इंदापुरात वाचन झाले. ते संपल्यावर एक वृद्ध श्रोते जवळ आले आणि म्हणाले, "पोरी, त्या पत्राची नक्कल कुठं बघायला मिळंल?" पत्र रचलेले आहे, हे सांगताच त्यांचा चेहरा उतरला. इतिहासाच्या विद्यार्थिनीला याहून मोठी शरम कोणती?

३/ नाटककाराने कल्पनेला कोठवर सोडावे? या प्रश्नाचे उत्तर मला दप्तरखान्यात नव्हे, जुन्या नाटकांत सापडले. तो माग येथे मांडते. आरंभ बारामतीपासून.

४/ कऱ्हाकाठच्या बारामतीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आयुष्याचा मोठा भाग काव्यरचनेत घालवला. महाभारत त्यांनी आर्यांत उतरवले. रामकथा तर निरनिराळ्या रचनाबंधांत पुनःपुन्हा सांगितली. कथा सर्वांची, घाट मात्र पंतांचा.

५/ पंतांसारख्या प्राचीन कवींचे वेचे 'नवनीत' (१८५४) या संग्रहातून विद्यार्थ्यांच्या हाती आले. त्याचे संपादक परशुरामतात्या गोडबोले. 'वेणीसंहार', 'उत्तररामचरित', 'शाकुंतल', 'मृच्छकटिक' ही संस्कृत नाटके मराठीत आणणारेही तेच.

६/ पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाच्या नाटकाला मराठी पदांचा साज चढवला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. साकी, दिंडी अशा ओळखीच्या चालींत शकुंतला मराठी बोलू लागली. संगीत रंगभूमीचा प्रवाह येथून वेगाने वाहू लागला.

७/ परंतु खुद्द कालिदासाने काय केले होते? महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंत काहीही विसरलेला नाही. सारे आठवत असूनही तो भर सभेत शकुंतलेला नाकारतो. आकाशवाणी झाल्यावरच स्वीकारतो. दुर्वासाचा शाप आणि त्यामुळे झालेले विस्मरण ही कालिदासाची भर.

८/ म्हणजे कालिदासानेही पदरचे घातले! मग माझाच अपराध कोणता? फरक प्रेक्षकांत आहे. मूळ आख्यान परंपरेने चालत आलेले होते. जाणत्याला भर कोठली ते ओळखता येई. माझ्या श्रोत्यांपुढे ताडून पाहण्यासारखे काहीच नव्हते. मी त्यांना कल्पित दिले, पण पुराव्याच्या वेषात.

९/ आणखी एक गोष्ट ध्यानी आली. शापाने दुष्यंताचा दोष झाकला जातो, राजा निर्मळ ठरतो. माझे पत्रही तेच करीत होते : मालोजीराजांना हळवे, आणि उमाबाईंना केवळ वाचणारी.

१०/ प्रवेश पुन्हा लिहिला. आता पत्र येतच नाही. उमाबाई वाट पाहतात, त्यात काय लिहिलेले असेल ते स्वतःशीच बोलतात आणि अखेरीस म्हणतात, की हे सारे माझ्याच मनीचे. कल्पना राहिली, तिने पांघरलेला पुराव्याचा शेला तेवढा उतरवला.

११/ पुढचे वाचन पुन्हा इंदापुरातच करीन. त्या आजोबांना पहिल्या रांगेत बसवायचे आहे.