मोत्याला घेऊन घाट उतरताना

आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो, असे आपण म्हणतो. गल्ली सुटल्यावर त्या वाघाचे काय होते, हे मात्र त्याला गाडीत घालून परगावी नेल्याशिवाय कळत नाही. पूर्वी मंडळी एस.टी.ने गावाला जात आणि कुत्रा वस्तीवर राही. शेजारी त्याला भाकरतुकडा घालीत. आता बऱ्याच दारांत चारचाकी आली आहे, मागे राहायला माणूस नाही आणि पोरे मोत्याला सोडून गाडीत बसायला तयार नसतात. तेव्हा वाचकहो, चला, मोत्याला घेऊनच कऱ्हाडहून गुहागरच्या समुद्रावर जाऊ.

पहिली फजिती घरातच शिजते. मोत्या लांब चालला म्हणून आजी त्याला निघताना पोटभर दूधभाकरी घालते. कऱ्हाड सोडले की कोयनेच्या काठाकाठाने मल्हारपेठ, पाटण येते. इथपर्यंत मोत्या मजेत असतो. पुढे वळणे सुरू झाली की तो जांभया देतो, ओठ चाटतो, त्याच्या तोंडातून लाळ गळू लागते. तुम्हाला वाटते त्याला झोप आली. झोप कसली, त्याला गाडी लागलेली असते! पुढच्या वळणाला ती दूधभाकरी आईच्या लुगड्यावर येते. माणसासारखीच कुत्र्यालाही गाडी लागते. म्हणून निघण्याआधी तीन-चार तास त्याला काही खायला घालू नका. पाणी थोडे थोडे पाजा आणि त्याच्या अंगाखाली जुने पोते टाका. पहिल्यांदाच थेट घाट दाखवण्यापेक्षा आधी चार वेळा गाडीतून मळ्यापर्यंत नेऊन आणा.

दुसरी फजिती जागेची. मोत्याला पुढे बसायचे असते. चालकाच्या पायाशी शिरून तो ब्रेकखाली आला, तर सगळ्यांवरच प्रसंग ओढवेल. त्याला मागच्या बाजूला ठेवा, जवळ एक माणूस बसवा. खिडकीतून तोंड काढून वारा खायला त्याला आवडते, पण धूळ आणि किडे डोळ्यांत जातात. शिवाय समोरून आलेल्या ट्रकला तुमच्या मोत्याचे कौतुक नसते.

हेळवाकपाशी क्षणभर थांबा. महाबळेश्वराहून दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना इथे पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला जाऊन कृष्णेला मिळते. जवळच कोयनेचे १०५ टीएमसीचे धरण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप इथली जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. भोवतालचे रान १९८५ साली अभयारण्य झाले आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. इथे दार उघडण्याआधी साखळी हातात घ्या. एखादे वानर दिसले, की शेतावर वानरे हाकलायची सवय असलेला मोत्या बाणासारखा सुटतो. घरी तो मैलभरावरूनही परत येतो, कारण तिथला बांध न् बांध त्याच्या नाकाला ठाऊक असतो. या रानात त्याला ओळखीचा वास नाही, आणि बिबट्याला कुत्रा फार आवडतो. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहिलेला असू द्या. चार मैल पुढे गेल्यावर तो नंबरच त्याचा पत्ता.

कुंभार्ली घाट उतरला की पोफळी लागते. धरणाचे पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून इथे येते, वीज देते आणि पुढे वाशिष्ठीला जाऊन मिळते. आता हवा बदलते आणि खरा धोका सुरू होतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना तेवढा. अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. देशावरच्या कोरड्या हवेत हे चालून जाते. कोकणातल्या दमट हवेत धापेने तेवढा गारवा मिळत नाही.

अशा वेळी मंडळी चिपळुणात जेवायला उतरतात किंवा गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला जातात. काच चार बोटे खाली केलेली असते, "आलोच दहा मिनिटांत" असे म्हटलेले असते. पण उन्हात उभ्या गाडीतली उष्णता अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधराएक अंश सेल्सिअसने वाढू शकते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याचे ताप मोजले तर एरवी १०१ ते १०२ फॅरनहाइट भरते. ते १०६ च्या पुढे गेले की त्याच्या जिवावर बेतते. म्हणून सगळे एकदम जाऊ नका. एकाने मोत्याजवळ झाडाच्या सावलीत बसावे, मग पाळी बदलावी. देव थांबतो, ऊन थांबत नाही.

तरीही तो जोरजोरात धापा टाकू लागला, त्याची जीभ लालभडक झाली, तोल जाऊ लागला, तर त्याला सावलीत न्या. पोटावर, मांड्यांवर, पंजांवर साधे पाणी ओता, वारा घाला, घोट घोट पाणी पाजा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.

गुहागरच्या वाळूवर आणखी दोन गमती उभ्या असतात. तहानलेला मोत्या समुद्राचे पाणी पितो आणि मग त्याला उलट्या-जुलाब होतात. गोडे पाणी बरोबर ठेवा. दुसरे म्हणजे तिथली कुत्री. ही त्यांची गल्ली आहे, इथले वाघ ते! भांडणात चावा बसतोच, म्हणून पिसाळण्याविरुद्धची लस निघण्याआधी पुरेशा आधी टोचलेली हवी. माणसाला कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे दिवस आता गेले, त्यामुळे भिऊन टाळाटाळ करू नका. आणि ढाब्यावरची कोंबडीची शिजलेली हाडे त्याला प्रेमाने घालू नका. ती आतडी फाडतात.

घरी रात्रभर मोत्या आपली राखण करतो, म्हणून आपण निर्धास्त झोपतो. गावाची शीव ओलांडली की त्याची राखण करणे आपल्याकडे येते. एवढे ध्यानात ठेवून त्याला खुशाल समुद्र दाखवा. पहिली लाट अंगावर आली की तो तिच्यावर भुंकतो, आणि पोरे त्याची नक्कल घरी पोहोचेपर्यंत करत राहतात.