मखमलीची उलटी बाही

आमचं जर्नल कधी मिटायचं नाही. पानापानावर कापडाचे तुकडे चिकटवलेले. कुठे धावदोरा, कुठे काजं, कुठे चुण्या, पाच तऱ्हेच्या कॉलरी, सात तऱ्हेचे खिसे. जूनमध्ये सपाट असलेली फाइल मार्चपर्यंत पंख फुगवलेल्या कोंबडीसारखी व्हायची. मग जुन्या परकराच्या नाडीने ती करकचून बांधायची, लोकलच्या गर्दीत छातीशी धरायची आणि सबमिशनला पोचवायची. झिगझॅग कात्रीने कापलेली कड जरा वाकडी गेली, की बाई शांतपणे पान फाडून हातात द्यायच्या.

भाचीचं जर्नल मला परवा व्हॉट्सॲपवर आलं. एक लिंक होती.

ती सध्या नवी मुंबईत कपड्यांचं डिझाइन, उत्पादन आणि मर्चंडायझिंग शिकते. मी १९८७ साली जवळजवळ हेच शिकायला लागले. कोर्सचं नाव लांबलचक होतं, घरात मात्र तो शेवटपर्यंत 'शिवणाचा कोर्स'च राहिला. आजीचा सवाल साधा होता : शिवण तर मी तुला फुकट शिकवते, फी कसली भरायची? भाचीला असं कोणी विचारलं नाही. तिला सगळ्यांनी प्लेसमेंटचं विचारलं. आमच्या वर्गात एकही मुलगा नव्हता, तिच्या वर्गात बरेच आहेत, आणि काजं त्यातल्याच एकाची सगळ्यात सुबक असतात म्हणे.

आमची सुरुवात कापड ओळखण्यापासून झाली. प्रयोगशाळेत मेणबत्ती लावायची आणि चिमट्यात धरून धागे जाळायचे. सूत कागदासारखं जळतं, मागे हलकी करडी राख उरते. रेशीम, लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, काळा मणी होतो, पण तो चिमटीत चुरगळतो. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि गार झाल्यावर टणक गोळी होते. हे शिकलो त्या आठवड्यात घरोघरी पदरांचे धागे उसवले गेले. एका मैत्रिणीने आईच्या लग्नातल्या शालूचा धागा जाळला. टणक गोळी झाली. तिने ते आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

मशीनचा धडा त्याहून धाकाचा. घरच्या पायमशीनवर तयार झालेले आमचे पाय, आणि समोर कारखान्यातली विजेची मशीन, मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणारी. पायाचा भार जरा जास्त पडला की कापड हातातून पुढे पळायचं. म्हणून पहिले काही दिवस दोरा ओवायचाच नाही, कागदावर नुसती सुई चालवायची. आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग वेटोळं. भोकाभोकांचे ते कागद उजेडाकडे धरून बाई तपासायच्या. हे अजून तसंच आहे. भाचीनेही वेटोळ्यात दोन सुया मोडल्या.

माझा सगळ्यात मोठा पराक्रम दुसऱ्या वर्षीचा. मंगलदास मार्केटमधून मरून मखमल आणली होती, जॅकेटसाठी. दुकानदाराने कटपीस म्हणून स्वस्तात दिली आणि तो पाव मीटर कमी निघाला. रात्री ब्राउन पेपरचे तुकडे कापडावर मांडून मांडून थकले. डावी बाही काही केल्या बसेना. शेवटी ती खालची वर केली, चपखल बसली, आणि मी स्वतःवर खूष होऊन कात्री चालवली. मखमलीला लव असते. लवेची दिशा वर असली की रंग गडद दिसतो, खाली असली की फिका. हे मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. ट्यूबलाइटखाली काही कळलं नाही. सकाळी वर्गाच्या खिडकीपाशी जॅकेट पुतळ्यावर चढवलं, तर डावी बाही दुसऱ्याच कोणाची तरी असावी तशी फिकट. बाईंनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "मांजराला उलटं कुरवाळलंस." पुढे काही बोलल्या नाहीत. मार्क मात्र बोलले.

भाचीच्या हातून हे होणार नाही. तिचा मार्कर, म्हणजे कापडावर तुकडे बसवायचा आराखडा, संगणकावर बनतो. कापड एकाच दिशेने लावायचं असं एकदा सांगून ठेवलं की तो तुकडा फिरवूच देत नाही. कापड किती वाया जाणार तेही टक्क्यांत दाखवतो. ते पाहताना मला माझ्या त्या रात्रीची दया आली.

१९८८ मध्ये आम्हाला गिरणी दाखवायला नेलं. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, त्याला सहा वर्षं झाली होती. अडीच लाख माणसं त्यात उतरली होती, कितीतरी कायमची घरी बसली होती. बाई मात्र आम्हाला विव्हिंग म्हणजे काय आणि स्पिनिंग म्हणजे काय एवढंच सांगत चालल्या होत्या. त्याच खात्यांना कामगार साचाखाता, त्रासन म्हणतात हे मला तिथल्या एका वयस्क जॉबरकडून कळलं. साचाखात्यात शिरल्यावर कानठळ्या बसल्या. धोट्यातली बाबीन बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायची जुनी पद्धत त्याने ओठांचा चंबू करून दाखवली. आम्ही मुली हसलो.

त्या चंबूमागची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाली. धाग्याला तोंड लागतं, म्हणून अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात घेत नसत, आणि पगार जास्त तर तिथेच. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला होता. आमच्या पुस्तकात धोट्याची सुबक आकृती होती, भागांना नावं दिलेली. ही गोष्ट नव्हती. तेव्हाच्या शिक्षणाचं कौतुक करायला बसले की मला ती आकृती आठवते आणि कौतुक जरा आवरतं घ्यावं लागतं.

भाचीच्या वर्गाची सहलही लोअर परळलाच गेली होती. फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे, तिथे दुकानातले पुतळे कसे उभे करतात, स्वस्त माल कुठे आणि महाग कुठे ठेवतात याचा अभ्यास करायला. धुराडं अजून आहे. तिने त्याचा फोटो काढून आणला.

मर्चंडायझिंग हा विषय आम्हाला शेवटच्या वर्षी होता, आणि तो म्हणजे दुकानाची सजावट अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते परदेशी बायर आणि इथला कारखाना यांच्यामध्ये चेंगरून घेण्याचं काम निघालं. रंगाचा नमुना, म्हणजे लॅब डिप, कुरियरने पाठवायचा आणि होकाराची आठवडाभर वाट पाहायची. 'जरा निळसर हवा' एवढाच फॅक्स आला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात कोटा. कुठल्या देशाने कुठला कपडा किती पाठवायचा हे १९७४ पासून ठरवून दिलेलं. अमेरिकेचे वर्ग आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले होते : ३४० म्हणजे पुरुषांचे सुती शर्ट, ३४१ बायकांचे ब्लाउज, ३४७ पुरुषांच्या सुती पँटी. ३१ डिसेंबर २००४ ला कोटा संपला आणि माझं ते पाठांतर एका रात्रीत रद्दीत गेलं.

भाचीला कोटा ठाऊक नाही. तिला राणा प्लाझा ठाऊक आहे. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साव्हारमध्ये ती आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक शिलाई कामगार. त्यावर तिला आख्खा पेपर आहे : जिने, कामाचे तास, किमान वेतन, रंगाईचं पाणी जातं कुठे. आम्हाला पीस रेट काढायला शिकवला होता. तो रेट घेणाऱ्या बाईचं घर त्यात चालतं का, हे गणित फळ्यावर कधी आलं नाही.

मागच्या रविवारी ती आली ती कुरकुरतच. पडद्यावर तिने एक घेरदार स्कर्ट केला होता. बाहुली चालली की तो पाण्यासारखा हलायचा. प्रोग्रामच्या यादीतून क्रेप निवडलं होतं. मग मंगलदासमधून क्रेप आणून खराखुरा शिवला, तर स्कर्ट छत्रीसारखा उभाच. क्रेप सत्तर तऱ्हेचं असतं. यादीतलं वजनाला हलकं होतं, तिने आणलेलं जड. सर म्हणाले होते, कापडाची कुंडली काढून आण : वजन, उभे धागे, आडवे धागे.

"मावशी, तुझ्याकडे ते भिंग आहे ना?"

पिक ग्लास. घडीचं पितळी भिंग, खाली एक इंचाची चौकट. बटणांच्या डब्यात सापडलं, बिजागरी सैल झालेली. टेबलावर कापड ताणून पसरलं, भिंग ठेवलं आणि सुईच्या टोकाने आडवे धागे मोजायला लागले. क्रेपचा धागा पिळाचा, सरळ म्हणून राहत नाही. चाळीसपाशी चुकले. पुन्हा पहिल्यापासून. चष्मा कपाळावर, नाक कापडाला टेकलेलं. अडुसष्ट.

तिने भिंगावर मोबाइल टेकवला, फोटो काढला, मोठा केला आणि दर दहा धाग्यांवर बोटाने लाल ठिपका देत गेली. एकाहत्तर.

मी म्हटलं, तुझं चुकलंय. दोघींनी मिळून, जागा बदलून, सुईने आणखी दोनदा मोजलं. एकाहत्तरच होते.