पिवळ्या पाखराची राखण

मुलांनो, नकाशाची वही काढा बरं. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स सापडलं? त्याच्या दक्षिण भागात, डोंगराळ मुलखात ब्लेनॅव्हन नावाचं गाव आहे. आज आपण तिथल्या 'बिग पिट' या कोळशाच्या खाणीत उतरू या.

इथलं कोळसा काढणं १९८० साली थांबलं आणि १९८३ पासून खाण पाहुण्यांसाठी खुली झाली. डोक्यावर दिव्याचं हेल्मेट चढवायचं. घड्याळ, मोबाइल, बॅटरीवर चालणारं सगळं वरच ठेवायचं. खाणीतल्या वायूला एक ठिणगीही पुरते. मग लोखंडी लिफ्टने थेट ९० मीटर खाली! दिवे मालवले की स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही.

पण खाणकामगारांचा खरा वैरी अंधार नव्हता. आग लागली किंवा स्फोट झाला, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी दक्षिण वेल्समधल्याच सेंगहेनिद इथल्या खाणीत स्फोट झाला आणि ४३९ कामगार गेले. त्यांतल्या अनेकांचा जीव या वायूनेच घेतला.

यावर जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकातच उपाय सुचवला होता. खाणीत उतरताना सोबत इवलासा कॅनरी पक्षी न्यायचा. त्याचा श्वास भराभर चालतो, म्हणून विषाचा परिणाम माणसाच्या आधी त्याच्यावर होतो. पाखरू दांडीवरून डळमळलं, की सगळ्यांनी माघारी फिरायचं. आणि पाखराचं काय? काही पिंजऱ्यांवर प्राणवायूची छोटी नळकांडी बसवलेली असे. दार बंद करून ती सोडली, की पाखरू पुन्हा तरतरीत! १९८६ साली ब्रिटनमध्ये कॅनरींच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचं ठरलं आणि पाखरं हळूहळू सुटली.

त्यांचं नाव मात्र संगणकाच्या जगात अजून कामावर आहे बरं का! समजा, एखादं अ‍ॅप एक लाख फोनांत आहे आणि त्याची नवी आवृत्ती तयार झाली. ती एकदम सगळ्यांना द्यायची नाही. आधी हजार फोनांना द्यायची. हे हजार म्हणजे आपली कॅनरी. अ‍ॅप बंद पडतंय का, हळू चालतंय का, यावर एक स्वयंचलित यंत्रणा डोळा ठेवते. सगळं ठीक असेल, तर पुढे दहा हजार, मग पन्नास हजार, मग सगळे. बिघडलं, तर वाटप तिथेच थांबतं आणि शक्य असेल तिथे जुनी आवृत्ती परत आणली जाते. म्हणूनच कधी कधी ताईच्या फोनवर अ‍ॅप नवं दिसतं आणि बाबांच्या फोनवर जुनंच!

हे केलं नाही तर? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी गेली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक कोलमडले होते. विमानं रद्द झाली, रुग्णालयांची कामं अडली. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क हाताने लिहून दिले! बंद पडलेले कितीतरी संगणक माणसांना एकेक करून सुरू करावे लागले. यापुढे अशा फाइली आधी कॅनरीकडे आणि मग टप्प्याटप्प्याने पाठवू, असं पुढे कंपनीनेच जाहीर केलं.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिंजरा नुसता हातात धरून चालत राहिलं, तर पाखराचा काय उपयोग? त्याच्याकडे कुणीतरी सतत पाहायला हवं, आणि प्राणवायूची नळकांडी भरलेली हवी. संगणकाचंही तसंच. पहिल्या हजारांकडे नीट लक्ष द्यायला हवं आणि परतीची वाट आधीच तयार हवी. कारण फोनच्या त्या टोकाला कुणाची तरी आजी औषध मागवत असते, कुणाचा तरी दादा परीक्षेचा अर्ज भरत असतो.