सिस्टरबाईंचा पट्टा

आमची वस्ती वेळ नदीच्या बाजूला, तळेगाव ढमढेऱ्यापासून जरा लांब. पावसाळ्यात गावातून मळ्यात यायचं म्हणजे नुसता चिखल. त्या चिखलातून एका हातात चपला आणि खांद्याला लशीची पेटी, अशा सिस्टरबाई यायच्या. 1985 साली सरकारनं सार्वत्रिक लसीकरण सुरू केलं, त्यानंतरची ही वर्षं.

धाकट्या बहिणीला त्रिगुणी टोचली आणि रात्री तिचं अंग भाजायला लागलं. आजीनं घर डोक्यावर घेतलं. "चांगल्या लेकराला बिघडवलं त्या बाईनं!" दुसऱ्या दिवशी, कुणी बोलावलं नसताना, बाई दारात. पोरीचा ताप बघितला, औषध दिलं आणि आजीजवळ बसून म्हणाल्या, "आजी, या लशीनं ताप येतो. कालच सांगायला पाहिजे होतं, माझं चुकलं." आजी काही बोलली नाही. चहा टाक म्हणून आईला खुणावलं. पुढच्या डोसाला पोरगी कडेवर घेऊन आजीच पुढं.

आबांचं तसंच. गावात मांडव घालून तपासणीचं शिबिर झालं, तर हे गेले नाहीत. "मला काय धाड भरलीय?" शेजारच्या बाळंतिणीला बघायला आलेल्या बाईंनी मात्र ओसरीवरच त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पारा चढला तो खाली येईना. बाई म्हणाल्या, "आबा, पाइपलाइन फुटायच्या आदल्या दिवशी वरनं कशी दिसती?" सारा जन्म पाइपलाइनी उकरण्यात गेलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं? गोळी सुरू झाली.

मग बाईंची बदली झाली. नंतरच्या आल्या आणि गेल्या, काही महिने तर कुणीच नव्हतं. गोळ्या दवाखान्यात मिळत होत्या, नाही असं नाही. पण "आबा, गोळी संपली का?" असं विचारणारं कुणी राहिलं नाही. मी शिकलेला, पुण्यात नोकरीला. मीही विचारलं नाही. बरं वाटतंय म्हणून आबांनी गोळी सोडली. एका सकाळी कांद्याच्या वखारीपाशी त्यांचं तोंड वाकडं झालं. जीव वाचला, उजवा हात गेला.

आमच्याच तालुक्यात, वढू बुद्रुकला, डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात आरोग्याचं काम उभं केलं आणि गावातलीच माणसं त्यासाठी शिकवून तयार केली. त्यांना 1993 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेवढं मला पेपरात वाचून ठाऊक होतं. गावातलीच माणसं का, ते आबांच्या खाटेशी बसल्यावर कळलं. त्यांची बदली कुठं होणार?

वर्षभरानं सिस्टरबाई एसटीनं आल्या. रिटायर झाल्या होत्या, केस पांढरे. आबांनी त्यांना ओळखलं. बोलता येत नव्हतं नीट. त्यांनी डाव्या हाताची बाही वर सरकवली आणि दंड पुढं केला.

बाईंजवळ पट्टा नव्हता. त्यांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही.