वसंताचें वाळवण

आपल्या कवींनीं वसंताचें फार कौतुक केलें आहे. कोकिळेचा स्वर, आंब्याचा मोहोर, पळसाचा लाल रंग, दक्षिणेकडून येणारा वारा, यांतलें कांहींही त्यांच्या नजरेंतून सुटलेलें नाहीं. परंतु चैत्र-वैशाखांत मराठी घरांत जी खरी धांदल चाले, तिच्याकडे त्यांचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. याचें कारण उघड आहे. कवि झाडाखालीं बसलेले असत आणि धांदल गच्चीवर चाललेली असे. शिवाय ती करणाऱ्या हातांना लेखणी धरायला सवड नसे. माझ्यापुरतें बोलायचें तर वसंत आल्याची वर्दी मला कोकिळेनें कधींच दिली नाहीं. माळ्यावरचा पितळी सोऱ्या खालीं उतरला, चिंचेनें घांसून लख्ख झाला आणि जुन्या धुवट साड्यांच्या घड्या बाहेर निघाल्या, कीं ऋतु बदलला असें आम्ही मुलें समजत असूं.

वाळवण हा शब्द साधा आहे, पण त्याच्या पोटांत सारा महाराष्ट्र मावतो. देशावर कुरडया, शेवया, सांडगे आणि उडदाचे पापड. खानदेशांत ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड. कोंकणांत आंबापोळी, फणसपोळी आणि पुन्हां पुन्हां रसांत बुडवून वाळविलेलीं आमसुलें. उपासासाठीं साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस निराळा. या साऱ्यांमागें हिशेब एकच. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो. पुढचे चार महिने उन्हाचा भरंवसा नाहीं, आणि पूर्वीं तर त्या दिवसांत गांवच्या बाजारांत भाजीचाही भरंवसा नसे. तेव्हां वैशाखांतलें ऊन डब्यांत भरून ठेवायचें आणि आषाढांत तळून खायचें, अशी ही युक्ति. ऊन फुकट मिळतें. बाकीचें सारें मनुष्याला करावें लागतें.

यांतलें सर्वांत कष्टाचें प्रकरण कुरडईचें. आमच्या साताऱ्याच्या वाड्यांत तें माझ्या धाकट्या काकूच्या हातीं असे. गहूं तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचें. तिसऱ्या दिवशीं दाणा बोटांत दाबला कीं पांढरें दूध बाहेर येतें आणि भांड्याला आंबूस वास सुटतो. मग ते वाटायचे, भरपूर पाण्यांत कालवून पिळायचे आणि फडक्यांतून गाळायचे. गाळलेलें दूध रात्रभर न हलवतां ठेवलें, कीं सकाळीं वर पिंवळसर पाणी आणि तळाशीं शुभ्र चीक बसलेला दिसतो. वरचें पाणी ओतून द्यायचें. चिकाइतकेंच दुसरें पाणी मोजून चुलीवर चढवायचें. त्यांत मीठ आणि हिंग घालायचा. आणि उकळी फुटली कीं एकीनें चीक धार धरून ओतायचा व दुसरीनें लाकडी दांड्यानें घोटायचा. येथें हात थांबला कीं गांठी झाल्याच. पांढरा चीक पाहतां पाहतां कांचेसारखा तकतकीत होतो. त्याला वाफ आली कीं गरम असतांनाच सोऱ्यांत भरून साडीवर गोल वेटोळीं घालायचीं. चीक निवला तर सोऱ्यांतून उतरत नाहीं, आणि गरम असला तर हात भाजतात. या दोन संकटांच्या मधल्या चार घटकांत कुरडई जन्माला येते.

आम्हां मुलांना यांतला सुखाचा भाग तेवढा ठाऊक होता. वाटींत पडलेला ऊन ऊन चीक दूध-गूळ घालून खायचा, पापडाची लाटी तेलांत बुडवून पळवायची, आणि मग काठी घेऊन गच्चीवर कावळे हांकीत बसायचें. कावळ्यांपासून आम्हीं जेवढें वांचवलें, त्याच्या निम्मे तरी अर्धवट वाळलेले सांडगे आम्हींच खाल्ले असतील.

पुढें वाचन वाढलें तेव्हां मला कळलें कीं या कामाच्या प्रत्येक पायरीला कारण आहे. भिजल्यानें कोंडा सैल होतो. पिष्ट थंड पाण्यांत विरघळत नाहीं आणि पाण्याहून जड असतें, म्हणून तें रात्रींत तळाशीं बसतें. कढत पाण्यांत त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकाला तकाकी येते. उन्हानें ओल गेली कीं बुरशीला जगायला आधार उरत नाहीं; तरी थोडी ओल आंत राहतेच, आणि तीच कढत तेलांत वाफ होऊन कुरडईला फुलवते. हें सारें पुस्तकाच्या दोन पानांत सांगतां येईल. काकूला तें सांगतां येत नसे. तिला तें येत असे. स्वयंपाकाचीं पुस्तकें आपल्याकडे कांहीं थोडीं नाहींत. लक्ष्मीबाई धुरंधरांचें 'गृहिणीमित्र' १९१० सालीं निघालें; कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरे'नें १९७० पासून वाटी-चमच्याचें माप घरोघर नेलें. परंतु चीक शिजला कीं नाहीं हें कोणत्याही वाटीनें मोजतां येत नाहीं. ओलें बोट लावावें. बोटाला चिकटला नाहीं तर शिजला.

ही काकू आतां चौऱ्यायशीं वर्षांची आहे आणि पुण्यांत आमच्याकडे असते. काचबिंदूनें तिची दृष्टि इतकी अधू केली आहे, कीं तिला उजेड कळतो, पण वस्तूची कड कळत नाहीं. यंदा फाल्गुन संपतांना मीं तिच्यापाशीं विषय काढला. म्हटलें, “काकू, तुझ्या हातची ही विद्या तुझ्याबरोबर जाऊं नये. आम्हांला शिकव.” वाड्याची गच्ची आतां नाहीं, आमच्या इमारतीच्या मंडळानेंही ठराव करून गच्चीवर कांहीं वाळत घालण्यास बंदी केली आहे. पण सज्जांत अकरा ते तीन चांगलें ऊन येतें, तेवढें एका किलो गव्हाला पुरेल, असा सारा विचार मीं करून ठेवला होता.

काकू हंसली आणि म्हणाली, “गेली तर जाऊं दे. अरे, तुला कुरडई आठवते. मला पाठ आठवते.”

मग तिनें एक गोष्ट सांगितली. मी साठी ओलांडून आठ वर्षें झालीं, पण इतक्या वर्षांत ती मीं ऐकलेली नव्हती. १९५८ च्या मार्चांत ती अकरावीच्या शालान्त परीक्षेला बसणार होती. फी भरलेली होती. इतक्यांत आमच्या घरीं तिचें लग्न ठरलें, मुहूर्त वैशाखाचा. रुखवतांत पांच रंगांच्या कुरडया मांडायच्या होत्या, आई आजारी होती आणि घरांत दुसरे हात नव्हते. गहूं भिजले आणि परीक्षा राहिली. “पेपर सात होते आणि कुरडया पांचशें,” ती म्हणाली. “पांचशें बरोबर झाल्या. एक मोडली नाहीं.” स्वरांत कडवटपणा नव्हता, एखादा जुना जमाखर्च वाचून दाखवावा तसा तो स्वर होता.

वाळवणाचे गोडवे गाणारांत पुरुषांची संख्या मोठी आहे, याचें मर्म मला तेव्हां उमगलें. ज्याच्या वांट्याला चीक खाणें आणि कावळे हांकणें आलें, त्याला तो ऋतु उत्सवाचा वाटतो. ज्यांच्या वांट्याला पिळणें आणि घोटणें आलें, त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती. याच संदर्भांत मला नेहमीं एक तारीख आठवते. काकूची परीक्षा राहिली त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १५ मार्च १९५९ रोजीं, मुंबईंत गिरगांवांतल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका उसन्या घेतलेल्या ऐशीं रुपयांच्या भांडवलावर पापड लाटायला बसल्या. त्याचाच पुढें लिज्जत पापडाचा उद्योग झाला; आज चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया त्यांत नुसत्या कामकरी नव्हे, तर मालक म्हणून आहेत. त्या सातजणींपैकीं जसवंतीबेन पोपट यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. मीं हें काकूला सांगितलें तेव्हां ती क्षणभर थांबून म्हणाली, “लाटणें तेंच. पण तिथें संध्याकाळीं हिशेब होई.” अर्थशास्त्राचे पुष्कळ ग्रंथ मीं वाचले आहेत, त्यांतल्या फार थोड्यांना हें इतक्या कमी शब्दांत साधलें आहे.

मग घरीं हातानें कांहीं करणें व्यर्थच म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं. आणि काकूलाही वाटत नसावें. कारण दोन दिवसांनीं तिनें आपण होऊन गहूं निवडायला मागितले. एवढें मात्र ठरलें, कीं ती कामाला हात लावणार नाहीं. खुर्चींत बसून परीक्षा घेईल. तिसऱ्या दिवशीं भांड्यावरचें झांकण काढतांच दुरूनच वास घेऊन तिनें “आजच वाटा” असा हुकूम सोडला. पिळण्याचें काम माझ्याकडे आलें आणि घोटण्याचें माझ्या मुलाकडे. सहावींत शिकणारी माझी नात वही घेऊन बसली होती. मीठ किती, या प्रश्नाला “अंदाजानें” हें उत्तर तिला पसंत पडेना. तेव्हां काकूनें मीठ मुठींत घेतलें, आणि नातीनें तें वजनकांट्यावर ठेवलें. असें तीन वेळां झालें, आणि तिन्ही वेळां आंकडा जवळजवळ सारखाच आला. नातीनें विस्मयानें विचारलें, “आजी, तुला दिसत नाहीं, मग कळतें कसें?” काकू म्हणाली, “हाताला कधीं दिसत होतें?”

एका किलोच्या कुरडया लहानशा डब्यांत मावल्या. वर्षभर पुरतील अशा त्या नव्हेत, आणि पुरवायच्याही नाहींत. काकूनें वहींतली कृति दोनदां वाचून घेतली. पाण्याचें माप दुरुस्त केलें. कोणत्या कामाला किती तास लागले आणि तें कोणी केलें, हेंही लिहायला लावलें. शेवटीं तिनें सर्वांत वर एक ओळ घालायला सांगितली: ज्याला खायचें आहे, त्यानें पिळायचें. माझ्या मतें कोणत्याही वाळवणाच्या कृतींत पहिला जिन्नस हाच असावा. गहूं, मीठ आणि हिंग त्यानंतर.