शिळें वर्तमानपत्र

वर्तमानपत्राइतका अल्पायुषी पदार्थ संसारांत दुसरा नसेल. सकाळीं त्याच्यासाठीं घरांत ओढाताण होते, दुपारीं तें वामकुक्षीच्या वेळीं तोंडावर जातें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांत जिऱ्याची पुडी बांधली जाते. पण तेंच पत्र पांचपन्नास वर्षें पेटाऱ्याच्या तळाशीं पडूं द्यावें, म्हणजे लोणच्यासारखें मुरतें. मग त्याचा एकेक मथळा जिभेवर घोळवावा.

आमच्या धामापूरच्या घरीं असे तीन अंक आहेत, आणि तिन्ही एकाच दिवसाचे : शुक्रवार, ता. १५ ऑगस्ट १९४७. माझे थोरले काका तारखात्यांत होते. मुंबईचें टाइम्स, दिल्लीचें हिंदुस्थान टाइम्स आणि कलकत्त्याचें स्टेट्समन असे अंक त्यांनीं ठिकठिकाणच्या स्नेह्यांकडून मागविले. पावसाळ्यांत आगबोटी बंद, तेव्हां टपाल घाट उतरून येई. अंक हातीं पडले तोंवर स्वातंत्र्य चांगलेंच शिळें झालें होतें, असें काका म्हणत.

टाइम्सचा मथळा, मराठींत सांगावयाचा तर, ‘हिंदी स्वातंत्र्याचा जन्म’. काकांनीं तो वाचून दाखविला तेव्हां आजीनें, जन्म म्हटल्यावर कोणतीहि आजी विचारील तेंच विचारलें : तिथी कोणती? ती निघाली अधिक श्रावण वद्य चतुर्दशी, आणि अमावास्या तोंडावर आलेली.

“अधिकांत आम्ही साधी गादी शिवावयास टाकीत नाहीं, आणि तुम्ही राज्य घेतलेंत?”

“आई, बाळ कांहीं पंचांग पाहून येत नाहीं.”

“हें तर दिवस ठरवूनच आलें ना?”

काका निरुत्तर झाले. दिवस खरोखरच ठरवून दिलेला होता, आणि तो ठरवितांना माउंटबॅटनसाहेबांनीं पंचांग नव्हे, तर जपानच्या शरणागतीचा वाढदिवस पाहिला होता. ज्योतिष्यांनींहि या दिवसाला हरकत घेतली होती, असें सांगतात. अखेर मध्यरात्रीचा मुहूर्त साधला. त्यांत सोय अशी कीं, बाराच्या ठोक्याला साहेबाचा शुक्रवार लागला, पण सूर्योदय व्हावयाचा असल्यामुळें आपला गुरुवार कांहीं संपला नाहीं. दोन्ही पक्ष राजी!

त्याच पत्रांत ‘राष्ट्राला नवजीवनाची जाग’ असेंहि आहे. पंडित नेहरूंनीं त्या रात्रीं जग झोपेंत असल्याचें सांगितलें. वास्तविक त्या घटकेला लंडनांत संध्याकाळचे साडेसात आणि न्यूयॉर्कांत दुपारचे अडीच वाजले होते. झोपलें होतें तें आमचें धामापूर. तेथें दिवेलागणीनंतर दोन घटकांत भगवतीच्या देवळापासून तळ्याच्या बांधापर्यंत सारा शुकशुकाट. हें तळें नागेश देसायांनीं १५३० सालीं बांधविलें. विजयनगरचें राज्य गेलें, पेशवाई गेली, इंग्रज गेला. तळें आपलें भातशेतीला पाणी पाजीत राहिलें. २०२० सालीं सिंचनाच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें जागतिक वारसा म्हणून त्याची नोंद केली, तेव्हां कोठें त्याला मथळा मिळाला. चारशें नव्वद वर्षें म्हणजे आमच्या टपालापेक्षांहि थोडा उशीरच.

हिंदुस्थान टाइम्सचा मथळा सर्वांत रोखठोक : ‘हिंदुस्थान स्वतंत्र : ब्रिटिश राज्याचा शेवट’. कोंकणांत निघालेला पाहुणा कसा निघतो हें वाचकांस सांगावयास नको. ओटीवर निरोप झाला कीं तो पायरीवर थांबतो, पायरीवरून खळ्यांत, आणि खऱ्या गोष्टी निघतात त्या बेड्यापाशीं. साहेबाचें तसेंच झालें. माउंटबॅटन जून १९४८ पर्यंत गव्हर्नर जनरल होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कॉल्व्हिल जानेवारीपर्यंत राहिले. शेवटची गोरी पलटण २८ फेब्रुवारीला गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून बोटींत चढली. बाकी हें राज्य ओलांडण्याचा सराव आमच्या गांवाला जुनाच. धामापूर मालवण तालुक्यांतलें, म्हणजे खालसा मुलुख, आणि शेजारचें कुडाळ सावंतवाडी संस्थानचें. बाजाराला निघालेला गडी सकाळीं साहेबाचें राज्य सोडी आणि तिन्हीसांजेला मीठमिरची घेऊन त्यांत परत येई. १९४८ त संस्थान विलीन झालें आणि ही गंमत संपली.

स्टेट्समन म्हणतो : ‘दोन डोमिनियनांचा जन्म’. म्हणजे जुळें, आणि कोणता हात कोणाचा हें दोन दिवस आईबापांसहि ठाऊक नाहीं. सीमा आंखणारे रॅडक्लिफसाहेब त्यापूर्वीं कधीं हिंदुस्थानांत आले नव्हते. त्यांना मुदत मिळाली सुमारें पांच आठवड्यांची. आमच्या भाऊबंदकींत एका माडाच्या वांटणीला याहून अधिक काळ लागला आहे. निवाडा जाहीर झाला ता. १७ ला. तोंवर मुर्शिदाबादेंत पाकिस्तानचें निशाण आणि खुलन्यांत आपलें, असे दोन्हीकडे भलत्याच पाळण्याला झोके चालले होते.

इथवर हंसतां येतें. त्या रेषेपायीं दीडएक कोटी माणसांनीं घरें सोडलीं, आणि मेलेल्यांची मोजदाद दोन लाख कीं वीस लाख, याचा मेळ अद्यापि बसलेला नाहीं. स्टेट्समनच्या त्याच कलकत्त्यांत, बेलियाघाटांतल्या एका मोडक्या वाड्यांत, गांधीजी त्या दिवशीं उपास करून सूत कातीत होते. टाइम्सांत ‘मुंबईंत बेभान उत्साह’ असाहि मथळा आहे. तो खोटा नव्हता. पण काका हे दोन अंक एकावर एक ठेवीत आणि कांहीं बोलत नसत.

स्टेट्समनांतच मोठ्या मथळ्याखालीं एक ओळ आहे : ‘मानवजातीच्या एकपंचमांशास राजकीय स्वातंत्र्य’. तिच्या शेजारीं समासांत काकांनीं पेन्सिलीनें लिहिलें आहे : ‘आक्का सोडून.’

आक्का म्हणजे माझी आत्या. तिला पेडण्यास दिलेली. तेरेखोलची खाडी ओलांडली कीं फिरंग्याचें राज्य. स्वातंत्र्यापूर्वीं ती डोलींतून, होडींतून माहेरीं येई, आणि त्यांत परदेशगमन आहे हें कोणाच्या ध्यानींहि नसे. १९५५ च्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली. आजी १९५७ त गेली. तिची वार्ता आक्काला बाराव्यानंतर कळली, आणि तीहि मुंबईच्या एका आप्ताकडून. मानवजातीच्या चारपंचमांशांत आपली बहीण राहिली, असें काका थट्टेनें म्हणत. पण तें म्हणतांना चष्मा पुसावयास काढीत.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या उन्हाळ्यांत आक्का माहेरीं आली. काकांनीं मोठ्या समारंभानें पेटारा उघडला, स्टेट्समन तिच्यापुढें ठेवला, समासांतली ओळ दाखविली. तिनें ती दोनदां वाचली. “बाबल्या, कागद फार छान जाड आहे रे,” असें म्हणून ती अंक घेऊन खळ्यांत गेली आणि त्यावर तिनें फणसाचे पापड वाळत घातले. ‘डोमिनियन’ या शब्दावर अजून एक गोल तेलकट डाग आहे.